दोन जन्मतारखांचा क्लब

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि विद्झेव फुटबॉल क्लबवरच्या लेखाचं पहिलं पान, दोन्ही वाचलं. १९८३ साली लिव्हरपूलला हरवून पोलंडमधल्या वूच शहराचा हा संघ युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत गेला, तिथून तू सुरुवात केली आहेस. मोह कुणालाही होईल. पण तुला क्लबची सुरुवातीची वर्षं लिहायची आहेत ना? मग गिरणीच्या भोंग्यापासून सुरू कर.

वूच म्हणजे सुती कापडाचं शहर, ‘पोलंडचं मँचेस्टर’. विद्झेव ही तिथल्या एका अवाढव्य गिरणीभोवती वाढलेली कामगारवस्ती. तिथे तेव्हा रशियाच्या झारचं राज्य होतं. १८९७ च्या कायद्याने दिवसपाळीवर साडेअकरा तासांची मर्यादा घातली. आठवड्याचे सहा दिवस असं राबल्यावर चेंडूमागे पळायला पायांत काय उरत असेल? मी गिरणगावात वाढलो, वडील साचेखात्यात होते. पाळी करून आले की त्यांच्या भुवयांवर कापसाची तूस चिकटलेली असायची आणि जेवण होईपर्यंत ते एक शब्द बोलत नसत. विद्झेवबद्दल वाचताना मला तो चेहरा दिसतो.

तू विचारलंस, स्थापना १९१० ची धरू की १९२२ ची. दोन्ही ठेव. क्लबच्या बोधचिन्हावर १९१० आहे, पण खरी गोष्ट या दोन सालांच्या मधे आहे.

१९१० साली जे मंडळ नोंदवलं गेलं त्याचं नाव होतं ‘शारीरिक विकासप्रेमी मंडळ’. नाव पुन्हा वाच. त्यात ‘कामगार’ हा शब्द नाही. जून १९०५ मध्ये याच शहरात कामगारांनी रस्त्यांवर अडथळे रचून झारच्या सैन्याशी झुंज दिली होती, माणसं मारली गेली होती. विद्झेवच्या गिरणीच्या मालकांपैकी एक, युलिउश कुनित्सर, त्याच वर्षी ट्राममध्ये गोळ्या लागून मेला. पुढच्या वर्षीच्या नियमांमुळे संस्था नोंदवायची वाट थोडी मोकळी झाली. पण पाच वर्षांपूर्वीच्या त्या आठवणी ताज्या असताना ‘कामगार’ हा शब्द घेऊन सरकारदारी जाणं कुणाला परवडलं नसावं. हे माझं अनुमान आहे. लेखात घेतलंस तर अनुमान म्हणूनच घे.

मग १९१४ चं युद्ध आलं. जर्मन सैन्याने शहर घेतलं, गिरण्यांमधलं तांबं काढून नेलं, यंत्रं बंद पडली. मंडळही थांबलं.

१९१८ मध्ये पोलंड स्वतंत्र झाला आणि त्याच नोव्हेंबरात आठ तासांच्या दिवसाचा हुकूम निघाला. डिसेंबर १९१९ च्या कायद्याने आठवडा ४६ तासांचा केला. तुलनेसाठी आपल्याकडचं बघ: १९२२ साली हिंदुस्थानातल्या कारखान्यांसाठी कायद्याने ठरलेला आठवडा ६० तासांचा होता. हा चौदा तासांचा फरक लेखात जरूर घे.

जानेवारी १९२२ मध्ये क्लब पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी नाव होतं ‘रोबोत्निचे तोवाझिस्त्वो स्पोर्तोवे’, म्हणजे कामगार क्रीडा मंडळ. बारा वर्षांपूर्वी जो शब्द नव्हता तो आता पहिलाच. आजही क्लबच्या नावाआधी ‘आर टी एस’ लिहितात ते हेच. तीन वर्षांनी, १९२५ मध्ये, पोलंडमधल्या अशा कामगार क्रीडासंस्थांची देशव्यापी संघटना झाली. विद्झेवला त्या चळवळीतला एक क्लब म्हणून बघ, एकटा सुटा संघ म्हणून नको.

सामन्यांचे निकाल फार देऊ नकोस. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी शहराचं नावच बदललं, पोलिश क्लबांवर बंदी घातली, ते मात्र लिही. १९४८ साली संघ पहिल्यांदा सर्वोच्च विभागात खेळला आणि एका हंगामात खाली आला, याला दोन ओळी पुरेत.

एक गोष्ट तुझ्या पानात कुठेच नाही. ४६ तासांचा हिशेब मांडून बघ: पाच दिवस आठ-आठ तास आणि शनिवारी सहा. म्हणजे कायद्याप्रमाणे शनिवारचा भोंगा दोन तास आधी. पहिला परिच्छेद त्या दोन तासांवर लिही आणि पाठव, मी वाट बघतो.