वाचक विचारतात : सॅलमँडर आणि त्याचे थंड पाणी

मागच्या अंकात उभयचर प्राण्यांवर एक छोटे टिपण छापले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत बेडकांपेक्षा सॅलमँडरचीच (शेपटी असलेल्या उभयचरांची) पत्रे जास्त निघाली. त्यांतलीही बरीच इंदूरच्या घरांत काचेच्या टाकीत येऊन राहिलेल्या ॲक्सोलॉटलबद्दल, म्हणजे जन्मभर पाण्यातच राहणाऱ्या मेक्सिकोच्या सॅलमँडरबद्दल आहेत. या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे.

बिलावली तलावाच्या पाळीवर फिरताना सरड्यासारखा पण चकचकीत, गुळगुळीत प्राणी गवतात शिरताना दिसला. नातू म्हणतो, हा सॅलमँडर. खरे का?
— एक आजोबा, राजेंद्रनगर

नाही, ती साप-सुरळी. इकडे हिंदीत तिला बामनी म्हणतात. ती बिनविषारी आहे. माळव्यातच काय, साऱ्या मध्य आणि दक्षिण भारतात सॅलमँडर नाही. आपल्या देशात त्याचे घर पूर्व हिमालय आणि ईशान्येकडच्या डोंगरांत आहे. नातवाला तीन खुणा दाखवा. साप-सुरळीच्या अंगावर खवले असतात, बोटांना नखे असतात आणि डोळ्यामागे कानाचे छिद्र दिसते. सॅलमँडरला खवले नसतात, कानाचे छिद्रही नसते, आणि त्याच्या पुढच्या पायाला पाचऐवजी चार बोटे असतात. शिवाय त्याची कातडी कायम ओली लागते. माळव्यातल्या उन्हात तो तासाभरात वाळून जाईल.

मुलाने आणलेला ॲक्सोलॉटल (सात इंची) होळीपर्यंत छान होता. आता खात नाही, कल्ले आखडलेत, त्यांवर कापसासारखे पांढरे काही दिसते. दोन फुटी टाकी आहे, तळाला रंगीत खडी, पाणी नर्मदेच्या नळाचे. काय चुकले?
— एक आई, सुदामानगर

आधी आज काय करायचे ते सांगतो. पाण्यात थर्मामीटर घाला. आकडा २४ अंशांच्या वर असेल तर प्राण्याला टाकीतून काढायला हवे. दहा-बारा लिटरचा, साबण कधीही न लागलेला प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात क्लोरीन काढलेले पाणी भरा, मात्र ते सध्याच्या टाकीइतक्याच तापमानाचे असू द्या. जाळीने पकडू नका, कल्ले आणि बोटे तिच्यात अडकून फाटतात. एखादे भांडे पाण्यात बुडवून पाण्यासकटच त्याला उचला. डबा घरातल्या सर्वांत थंड खोलीत, अंधारात ठेवा आणि दर २४ तासांनी पाणी पूर्ण बदला. तापमान तासाला एक-दोन अंश याच गतीने खाली आणायचे आहे. बर्फ टाकू नका. बर्फ वितळला की पाणी पुन्हा तापते, आणि हा चढउतार एकसारख्या कोमट पाण्याइतकाच वाईट.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन बादली उघडी ठेवली तर दिवसभरात उडतो. पण पाणी क्लोरामाइनने शुद्ध केलेले असेल तर तो असा जात नाही. म्हणून ॲक्वेरियमच्या दुकानातले सोडियम थायोसल्फेटचे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात घालणे जास्त खात्रीचे.

पांढरा कापूस म्हणजे बुरशी. निरोगी कल्ल्यावर ती सहसा धरत नाही, आधी दुखावलेल्या जागी बसते. त्यावर मिठाची आंघोळ चालते. एका लिटरला १० ग्रॅम साधे मीठ (आयोडीन नसलेले), १० मिनिटे, दिवसातून एकदा. वेळ वाढवलीत तर मीठच कल्ले जाळेल. माशांसाठीची तांबेयुक्त औषधे मात्र मुळीच वापरू नका. उभयचरांची कातडी पाण्यातले सगळे आत ओढते, त्यामुळे माशाला झेपणारी मात्राही त्यांना मारू शकते.

आता काय चुकले ते. पहिली चूक उन्हाळ्याची. या प्राण्याला १६ ते १८ अंशांचे पाणी मानवते. १८ अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात सुमारे ७. नेमक्या त्याच वेळी उष्णतेने शरीराची प्राणवायूची गरज वाढलेली असते. गरज वाढते आणि पुरवठा घटतो, तिथून पुढे अन्न सोडणे, बुरशी, मग मरण. टाकीवर पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी तीन-चार अंश उतरते. मेच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला लागू पडतो, जुलैच्या दमट हवेत जेमतेम. पण खोलीच ३५ अंशांवर असेल तर पंख्याने पाणी ३१ पर्यंत येईल, १८ पर्यंत नाही. मार्चअखेर ते जूनअखेर इंदूरमध्ये चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) किंवा रात्रंदिवस चालणारे एसी याशिवाय हा प्राणी जगवता येत नाही, हे स्पष्टच सांगायला हवे.

दुसरी चूक टाकीची. दोन फुटी टाकीत साधारण ५० लिटर पाणी बसते, आणि हा प्राणी घाण बरीच करतो. कल्ले आखडणे ही बहुधा अमोनियाची खूण. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या (लिटरला २० मिलिग्रॅमच्या) आत असायला हवे. त्यासाठी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, किमान १०० लिटरची टाकी आणि संथ चालणारा स्पंज फिल्टर घ्या. प्राणी आत सोडण्याआधी रिकामी टाकी चार ते सहा आठवडे चालवावी लागते, तेव्हा कुठे फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जीवाणू वसतात. पुढे स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात. नळाखाली धरलात की क्लोरीनने सहा आठवड्यांची मेहनत पाच मिनिटांत जाते.

तिसरी चूक खडीची. ॲक्सोलॉटल तोंड उघडून पाण्याच्या झोताबरोबर भक्ष्य आत ओढतो, त्यात खडीही जाते आणि आतडे तुंबते. खाणे सोडण्याचे हेही कारण असू शकते. तळ मोकळा ठेवा किंवा अगदी बारीक वाळू घाला. बरे वाटल्यावर खायला गांडूळ द्या, आठवड्यातून दोन-तीनदा, पण ते कीटकनाशक न मारलेल्या मातीतले हवे.

वाढदिवसाला ॲक्सोलॉटल घेऊन द्यायचा आहे. कायद्याने चालतो का?
— रामबाग

कागदांशिवाय नाही. हा प्राणी साइट्सच्या (वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्समधले प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा जिवंत प्राण्याची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. आधीपासून पाळलेल्यांना सहा महिने दिले होते, ते संपले. नवा घेतल्यास ३० दिवसांत नोंद हवी. दुकानदाराकडे त्याच्या स्वतःच्या नोंदणीचा कागद मागा. नसेल तर तिथून घेऊ नका. वाढदिवसाला मुलाला पावसाळ्यात सिरपूर तलावावर न्या आणि बेडकांची अंडी दाखवा. पाण्यात तरंगणारा त्यांचा फेसाळ किंवा चिकट पुंजका पाहून मूल जे शिकेल, ते टाकीसमोर बसून शिकणार नाही.

जगभर लाखो ॲक्सोलॉटल प्रयोगशाळांत आणि घरांत आहेत. मग तो नष्ट होतोय असे का म्हणतात? आणि पाण्यात आयोडीन घातले की तो 'मोठा' होतो, हे खरे का?
— जीवशास्त्राचा विद्यार्थी, होळकर महाविद्यालय परिसर

प्रश्न अगदी नेमका आहे. जंगली ॲक्सोलॉटल जगात एकाच ठिकाणी उरला आहे, मेक्सिको सिटीच्या दक्षिण टोकाला सोचिमिल्कोच्या कालव्यांत. तिथल्या मोजणीत १९९८ मध्ये चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० प्राणी मिळाले, २००८ मध्ये १०० आणि २०१४ मध्ये ३६. एका मादीला एका वेळी शेकडो अंडी होतात, तरीही ही घसरण. कारण मारले जात आहे ते पिल्लू. १९७०-८० च्या दशकांत लोकांना खायला मासे मिळावेत म्हणून कालव्यांत कार्प आणि तिलापिया सोडले. तिलापिया अंडी आणि पिल्ले खातो. कार्प तळ ढवळून पाणवनस्पती उपटतो, आणि अंडी चिकटवायला मादीला तीच वनस्पती लागते. वर पाणीही बदलले. पूर्वी कालव्यांना झऱ्यांचे थंड पाणी येई. ते झरे शहराने नळांत घेतले, आता कालव्यांत मुख्यतः शुद्धीकरण केलेले सांडपाणी येते.

घराघरांतल्या प्राण्यांनी ही पोकळी भरत नाही. बहुतेक पाळीव वंश १८६३-६४ मध्ये पॅरिसला नेलेल्या ३४ प्राण्यांपासून आले, म्हणजे रक्ताचे भांडवलच थोडे. १९६२ मध्ये प्रयोगशाळेत त्यांचा टायगर सॅलमँडरशी संकर झाला आणि त्यातून पाळीव वंशांत पांढरट अल्बिनो रंग आला. जंगली ॲक्सोलॉटल काळपट-हिरवा, ठिपक्याठिपक्यांचा असतो. दुकानातला गुलाबी कल्ल्यांचा पांढरा प्राणी तिथल्या चिखलात बगळ्याला दुरूनच दिसेल.

उपाय तिथल्या शेतीतूनच निघाला आहे. कालव्यांतल्या गाळाच्या बेटांवरच्या शेतांना चिनांपा म्हणतात. दोन चिनांपांमधला अरुंद कालवा निवडतात आणि त्याच्या तोंडाशी जाळी, दगड आणि पाणवनस्पती यांचा बांध घालतात. पाणी गाळून आत येते, मासा बाहेर राहतो. शेतकरी त्या पट्ट्यात कीटकनाशक वापरत नाही. २०२५ मध्ये छापलेल्या अभ्यासात पैदास केलेले १८ ॲक्सोलॉटल रेडिओ टॅग लावून अशा सुधारलेल्या कालव्यात आणि एका कृत्रिम पाणथळीत सोडले होते. पाळत असेपर्यंत ते जगले, आणि पुन्हा पकडलेल्यांचे वजन वाढलेले होते. म्हणजे जागा नीट केली तर प्राणी ती वापरतो. माझ्या मते टाकीतल्या हजार ॲक्सोलॉटलपेक्षा मासे नसलेला एक कालवा मोलाचा.

आयोडीनचे खरे आहे, आणि म्हणूनच करू नका. थायरॉइडच्या संप्रेरकाचा जोर कमी असल्याने हा प्राणी पिल्लाचे रूप ठेवूनच वयात येतो. आयोडीनने ते रूप ढळते, कल्ले गळतात, फुप्फुसांवर श्वास सुरू होतो. पण त्यात बरेच प्राणी मरतात आणि उरलेल्यांचे आयुष्य घटते.

पावसाळ्यात दार्जिलिंगला जातोय. आपला भारतीय सॅलमँडर तिथे दिसेल का?
— एक जोडपे, लोकमान्यनगर

तुम्ही जाताय तो मोसम बरोबर आहे. हिवाळाभर तो दगडांखाली, कुजक्या ओंडक्यांखाली पडून असतो. पहिल्या वळिवांनंतर डबक्यांकडे येतो आणि गवताच्या पात्यांना एकेक अंडे चिकटवतो. दार्जिलिंगकडचा हा हिमालयी सॅलमँडर २०१५ मध्ये वेगळी जात म्हणून नोंदला गेला. त्याआधी तो चीनमधल्या युन्नानच्या जातीतच मोजत. नेपाळीत त्याला पानी कुकुर म्हणतात. सुखियापोखरीजवळच्या जोरेपोखरीचे अभयारण्य याच प्राण्यासाठी १९८५ मध्ये झाले, क्षेत्रफळ अवघे ०.०४ चौरस किलोमीटर. कर्सियांग भागातली नामथिंग पोखरी (तळे) कोरड्या ऋतूत आटते, हेही सॅलमँडर पाहायला निघालेल्यांनी माहीत असू द्यावे.

तिथली संकटे सोचिमिल्कोशी जुळतात. डबक्यांत मासे सोडणे, चहामळ्यातली औषधे वाहून येणे, काठ सिमेंटने बांधणे. सिमेंटच्या उभ्या काठावर पिल्लाला बाहेर चढता येत नाही, शिवाय अंड्यांना गवतही उरत नाही. जाताना बूट घासून चिखल काढा, कडक उन्हात पूर्ण वाळवा, तळ ७० टक्के अल्कोहोलने पुसा. येतानाही तसेच. कातडीवर वाढणारी कायट्रिड बुरशी चिखलातून एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाते. सॅलमँडरला मारणारा तिचा प्रकार २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये उघडकीला आला, तिथले फायर सॅलमँडर त्याने झपाट्याने संपवले. प्राण्याला हात लावू नका, विशेषतः डासांचे मलम लावलेला. पावसाळी रात्री गाडी सावकाश चालवायला सांगा, सॅलमँडर रस्ता ओलांडत असतात.

आता सांभाळणे जमत नाही. सिरपूर किंवा यशवंत सागरमध्ये सोडून दिला तर?
— नाव नको, स्नेहलतागंज

कृपया सोडू नका. एप्रिलच्या पाण्यात तो मरेल, आणि मरण्याआधी त्याच्या अंगावरची बुरशी किंवा विषाणू तिथल्या बेडकांना लागू शकतात. ही दोन्ही तळी २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आहेत. टाकीचे पाणीही तलावात किंवा नाल्यात ओतू नका. आधी त्यात ब्लीच मिसळा, तासभर ठेवा, मग संडासात टाका. प्राण्याबद्दल वनविभागाच्या इंदूर कार्यालयात लेखी कळवा आणि थंड पाण्याची सोय असलेला नोंदणीकृत पाळणारा शोधा. तो सापडेपर्यंत वर सुदामानगरच्या पत्राला सांगितलेली डब्याची पद्धत चालेल, रोज पाणी बदलून.

गच्चीवरच्या हौदात डास होतात म्हणून गप्पी मासे सोडणार आहे. बेडूकही येतात. दोन्ही राहतील का?
— नारायण बाग

गप्पी अंडी आणि बेडकांची लहान पिल्ले खातात, त्यामुळे बेडूक राहणार नाहीत. बीटीआय या जीवाणूची पावडर वापरा, ती डासांच्या अळ्या मारते, बेडकांच्या पिल्लांना सहसा धक्का लावत नाही. हौदाच्या आत एका कोपऱ्यात विटांची उतरण करा, म्हणजे पाय फुटलेली पिल्ले बाहेर येतील. आणि मेमध्ये हौद आठ दिवस पूर्ण कोरडा पडू द्या.