चांदीचा मुलामा असलेली जुनी चहादाणी संग्रहासाठी घेताना काय तपासावं?

आधी चकाकीकडे दुर्लक्ष करा आणि भांडं कुठे झिजलंय ते शोधा. पहिल्यांदाच घेणारे बहुतेकजण उलट करतात. मुलामा सगळीकडे सारखा झिजत नाही. बुडाची कड, तोटीचं टोक, झाकणाची गुंडी आणि मुठीची आतली बाजू आधी उघडी पडते. तिथे तांबूस रंग डोकावत असेल तर खाली तांबं आहे. फिकट पिवळसर झाक असेल तर जर्मन सिल्व्हर. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते, ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. मळकट करडा आणि मऊ धातू दिसला तर ब्रिटानिया मेटल, म्हणजे ९० टक्क्यांच्या आसपास कथील, बाकी अँटिमनी आणि थोडं तांबं. नखाने टिचकी मारली की जर्मन सिल्व्हर खणखणतं, ब्रिटानिया मात्र बद्द वाजतं.

बुडाखालचे शिक्के भिंगातून वाचा. ‘ईपीएनएस’ म्हणजे जर्मन सिल्व्हरवर विजेने चढवलेला मुलामा, ‘ईपीबीएम’ म्हणजे तोच मुलामा ब्रिटानियावर. ही अक्षरं पुष्कळदा वेगवेगळ्या चौकटींत, वळणदार लिपीत ठोकलेली असतात आणि खऱ्या चांदीच्या हॉलमार्कसारखी भासतात. फसायचं नाही. ‘इंग्लंड’ हा शब्द असेल तर भांडं बहुधा १८९१ नंतरचं, कारण अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव तेव्हापासून सक्तीचं झालं.

विजेच्या मुलाम्याचं पेटंट इंग्लंडमधले कारखानदार एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये घेतलं. त्याआधीचं तंत्र म्हणजे जुनं शेफील्ड प्लेट: तांब्याच्या जाड तुकड्याला चांदीचा पत्रा उष्णतेने चिकटवून दोन्ही एकत्र लाटायचे. ते ओळखायची एक सुरेख खूण आहे. नाव कोरायची जागा असेल तर तिच्यावर तोंडाची वाफ सोडा. कोरताना खालचं तांबं उघडं पडू नये म्हणून तिथे चांदीचा जादा तुकडा घासून बसवत. तसा असेल तर वाफेत त्याची कड क्षणभर उमटते आणि विरून जाते. उलट ‘शेफील्ड प्लेटेड’ असं ठोकलेलं भांडं जवळजवळ नेहमी नंतरचं, विजेच्या मुलाम्याचं असतं.

मग पाण्याची चाचणी. चहादाणी कोमट पाण्याने भरून कोरड्या कागदावर २० मिनिटं ठेवा. तोटी जिथे अंगाला डाखलेली असते, गळती तिथूनच निघते. जर्मन सिल्व्हर किंवा तांब्याच्या भांड्याला जाणता कारागीर पुन्हा डाख देऊ शकतो. ब्रिटानियावर मात्र नेहमीच्या ज्योतीखाली भोकच पडतं, कारण ते साधारण २५० अंशांनाच वितळू लागतं. गळकं किंवा पोचे आलेलं ब्रिटानिया मी तरी घेऊ नका म्हणेन. बिजागरीही हलवून बघा. धातूच्या मुठीत उष्णता अडवायला बसवलेल्या पांढऱ्या चकत्या हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या असतात. त्या तडकल्या की मूठ डुगडुगते. हस्तिदंत असेल तर देशाबाहेर पाठवताना कायदा आडवा येतो, हे ध्यानात असू द्या.

जुन्या शेफील्ड प्लेटला नवा मुलामा कधीच देऊ नका, किंमत पडते. साध्या ‘ईपीएनएस’वर चालतो, पण आधी पोचे काढून घ्या.

बुडवून चकचकीत करणारी द्रावणं आणि टूथपेस्ट दोन्ही टाळा. द्रावण आम्लाचं असतं आणि सांध्यांत झिरपतं, टूथपेस्ट उरलासुरला मुलामा खरवडते. चांदीचं सौम्य पॉलिश मऊ सुती कापडावर, तेही क्वचितच. आतला चहाचा थर मात्र चमचाभर खाण्याचा सोडा आणि कोमट पाणी तासभर ठेवलं की सुटतो. ठेवताना वर्तमानपत्र नको, झाकणाला रबरबँड तर मुळीच नको. रबरातलं गंधक कागदातूनही चांदीवर काळी रेघ उमटवतं, आणि ती घासून काढायची तर मुलामाही जातो.