काळी पडलेली ज्वारी म्हशीला घालायची का?

प्रश्न : आम्ही परभणीकडचे. खरिपाची संकरित ज्वारी काढायला आली आणि नेमका आठ दिवस पाऊस बसला, कणसं काळी पडली. व्यापारी निम्म्या भावात मागतोय. सासूबाई म्हणतात, धुऊन वाळवून दळून आणा, तव्यावर सगळं जळतं, आणि एवढंच वाटत असेल तर म्हशीला घाला. काय करू?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. तव्यावर बुरशी मरते, पण बुरशीनं दाण्यात सोडलेलं विष मरत नाही, आणि सगळा घोटाळा इथंच होतो बघा. भाकरी टम्म फुगते ती आतल्या वाफेनं, म्हणजे बाहेरून डाग पडले तरी पापुद्र्याच्या आत शंभर डिग्रीच्या आसपासच असतं, आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष पुरतं मोडायला अडीचशेच्या वर लागतं. धुतल्यानं वरची काळी पूड जाते, फरक पडतो, नाही असं नाही, पण आत शिरलेलं काही तिथून हलत नाही.

आता काळी ज्वारी म्हणजे विषारीच का, तर तसंही नाही. भिजलेल्या कणसावर चार-पाच बुरश्या एकदम येतात, काळा रंग बऱ्याचदा कर्व्ह्युलॅरियाचा असतो, आणि गुलाबट-पांढरट झाक दिसली तर फ्युजॅरियमचा संशय घ्यायचा. फ्युमोनिसिन नावाचं विष त्याच्याच घरचं. 1995 साली दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत अशीच पावसात सापडलेली ज्वारी आणि मका लोकांनी खाल्ला, पोटात कळा, गुरगुर, जुलाब, तपासणीत धान्यात फ्युमोनिसिन निघालं. खाल्लं कुणी, तर ज्यांच्या घरात दुसरं धान्यच नव्हतं त्यांनी. त्यामुळं "टाकून द्या" असं इथं बसून सांगणं सोपं आहे हे मला कळतं. पण रंगावरून विष ओळखता येत नाही, त्यासाठी लॅबच लागते. निदान गुलाबट, हलके, कुबट वासाचे दाणे तरी बाजूला काढा आणि लहान लेकरांच्या ताटात ही ज्वारी नकोच.

म्हशीचं मात्र ऐका. 1974 मध्ये राजस्थानातलं बांसवाडा आणि गुजरातेतलं पंचमहाल, या भागातल्या आदिवासी गावांत अवकाळी पावसानं भिजलेला मका घरोघरी खाल्ला गेला, कावीळ झाली, पोटात पाणी झालं, शंभरावर माणसं गेली. त्या घरांतली कुत्री पण तशीच पोट फुगून मेली, कारण उरलेलं त्यांनाच घातलेलं. अफ्लाटॉक्सिन होतं ते. माणसाला नको ते जनावराला, ही आपली जुनी खोड, पण ते विष जनावराच्या पोटात संपत नाही. दुभत्या म्हशीनं खाल्लं की त्यातलं थोडं अफ्लाटॉक्सिन एम-1 या रूपात दुधात उतरतं आणि दूध उकळून ते जात नाही. दुधासाठी आपल्याकडं कायद्याची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे, धान्याला 15, म्हणजे दुधाला ती किती कडक ते समजा.

व्यापारी निम्म्या भावात नेतो ती बऱ्याचदा दारूच्या कारखान्याला जाते. विष दारूत जात नाही, खाली उरलेल्या चोथ्यात राहतं, आणि चोथ्याचं होतं पशुखाद्य. म्हणजे फिरून गोठ्यातच!

पुढच्या खेपेला दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की कणीस पक्व झालं असं समजा आणि पावसाचा अंदाज असेल तर वाट न बघता कापून आडोशाला वाळत घाला. रब्बीच्या मालदांडी ज्वारीला हा ताप कमी, ती कोरड्या थंडीत पिकते.

प्रश्न : बाजरीत उंदराच्या लेंडीसारखे काळपट, लांबट दाणे निघतात. वडील म्हणतात काणी आहे, काही होत नाही. खरं का?
– एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : काणी हा कणसाचा बुरशीजन्य रोग, त्यातला दाणा फोडला की काळी भुकटी उडते. तुमचं वर्णन अरगट या दुसऱ्या, विषारी बुरशीचं वाटतंय. फुलोऱ्यात कणसावर मधासारखा चिकटा आला होता का ते आठवा, आला असेल तर नक्कीच. अशी बाजरी पोटात गेली की मळमळ, उलट्या, गरगरणं आणि गुंगी, 1975 ला राजस्थानात गावंच्या गावं अशी आजारी पडली होती. उपाय मात्र घरातलाच आहे, 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ विरघळवा आणि बाजरी त्यात ओता, अरगट हलकं असतं, वर तरंगतं, ते काढून जाळून टाका. खालची बाजरी चांगल्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन कडक वाळवा. बियाण्यालाही हेच करायचं.

प्रश्न : गावाहून आलेला गहू उन्हात वाळवून, निंबाचा पाला घालून पत्र्याच्या डब्यात भरला, तरी महिन्याभरात कुबट वास. का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पाला किड्यांसाठी, बुरशीला त्याचं काही नाही. तुम्ही बहुतेक गहू उन्हातून उचलून गरमच भरलात, झाकणाला आतून घाम आला आणि तो वरच्या थरावर गळला. झाकणाखालचे चार बोटं गहू हातात घेऊन बघा, गठ्ठे झाले असतील. तेवढे फेका, कोंबड्यांना पण नको. बाकीचा ओतून वास घ्या, दाताखाली धरून बघा, कट्ट वाजला तर परत वाळवून रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी भरा.