रोजच्या वापरासाठी लिक्विड आयलाइनर पेन पहिल्यांदाच घेतलंय. विदर्भातल्या उन्हात टिकेल का, की आपलं काजळच बरं?

टिकतं. पसरतं ते काजळ. हे मी आमच्या जाऊबाईंना केव्हाची सांगतेय, आता तुम्हालाही सांगते.

मी दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. 26 एप्रिल 2024 ला आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं आणि माझी ड्युटी लागली पुसदकडच्या एका गावात. त्याच आठवड्यात यवतमाळहून पेन आणलेलं. मॉक पोल, म्हणजे खऱ्या मतदानाआधी मशीनची चाचणी, पहाटे साडेपाचला, म्हणून चारलाच उठले. वर्गात बाकावर मोबाइलचा टॉर्च उभा केला, पर्समधला आरसा खडूच्या डब्याला टेकवला आणि रेघ ओढली. उजव्या डोळ्याची झकास आली. डाव्याला हात आडवा जातो, तिथं शेपटी जाड झाली. मग जोडी जुळवायला उजवीही जाड केली, मग पुन्हा डावी. शेवटी जाऊबाईंनी डबीत भरून दिलेलं घरचं काजळ खालच्या कडेला, आतून घातलं. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं, तूप घालून खललेलं. घोळ इथं झाला, पण तो कळायला दुपार उजाडली.

केंद्राध्यक्ष सर म्हणाले, "मॅडम, मतदान आहे, लग्न नाही." मी गप्प बसले, कारण मशीनचं सील लावणं चालू होतं. त्यांनी स्वतः आदल्या दिवशी केस काळे केले होते, ते कानाच्या पाळीवर दिसत होतं. त्याला कुणी काही म्हणत नाही.

माझ्याकडे शाई होती. डाव्या हाताची तर्जनी, नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत एक रेघ. दिवसभर रेघाच ओढल्या, त्यामुळे हात इतका बसला की ती प्रॅक्टिस आदल्या दिवशी मिळाली असती तर पहाटेचा तमाशा टळला असता. ती शाई म्हैसूरची, सिल्व्हर नायट्रेटची. कातडीतच उतरते आणि उजेड लागला की अजून काळी पडते. एक म्हातारी बोट पुढं करून माझ्या तोंडाकडंच पाहत राहिली. म्हणाली, "काहून व बाई, तुया डोयालेही हेच लावलं का?" सगळी रांग हसली. सरही हसले, ते जरा जास्तच.

दोनच्या सुमाराला हातपंपावर तोंडावर पाणी मारलं आणि मोबाइलमध्ये पाहिलं, तर डोळ्यांखाली काळे ओघळ. रुमालाला जे लागलं ते तेलकट होतं. वरची पेनची रेघ मात्र जागच्या जागी! फक्त आतल्या कोपऱ्यात, काजळ टेकलं होतं तिथं, तिचे बारीक पापुद्रे सुटले होते. साधी गोष्ट आहे: पेनची शाई वाळली की कातडीवर पातळ पापुद्रा धरते. घामाला तो बऱ्यापैकी दाद देत नाही, तेलातुपापुढं मात्र सुटतो. रात्री तेच लायनर खोबरेल तेलाच्या बोळ्यानं काढतो ना आपण?

घरी आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "पाह्य, पसरलं तुयं पेन." मी मनगटावर दोन रेघा ओढल्या, एकीवर काजळ फिरवलं आणि त्यांच्यासमोर भांडी घासली. नुसती रेघ राहिली, काजळाची गेली. तर म्हणतात, "हात अन् डोया एकच हाय का?"

तर तुमचं. पहिल्यांदा लावताय तर सुटीच्या दिवशी लावा, ड्युटीच्या दिवशी नको. सनस्क्रीन किंवा क्रीम पापणीवर गेलं असेल तर टिपून घ्या, थोडी पावडर लावा. एका झटक्यात ओढू नका, पापण्यांच्या मुळाशी ठिपके देऊन जोडा, आणि वाळेपर्यंत वर पाहू नका. स्कूटीवर तोंडाला दुपट्टा बांधत असाल तर शेपटी छोटी ठेवा, दुपट्ट्याच्या घासण्यानं ती आधी जाते. टोक फेल्टचं, म्हणजे स्केचपेनसारखं, घ्यायचं की ब्रशचं, हे ज्याच्या त्याच्या हातावर आहे. मला फेल्टचं जमतं.

गावात लोक बोलतील का, हे तुम्ही विचारलं नाहीये, पण बोलतात. आठ दिवस बोलतात.

एक राहिलं. पेन डोळ्याच्या आतल्या कडेला अजिबात नाही, फक्त वर, बाहेरून. डोळे आले असतील तर काहीच नको. कुणाला वापरायला देऊ नका, टोपण घट्ट लावून टोक खाली करून ठेवा, आणि पाचसहा महिन्यांनी शाई उरली असली तरी फेका. आणि घरचं काजळ तान्ह्या लेकराच्या डोळ्यात घालू नका, डॉक्टरही नकोच म्हणतात. हे शेवटचं वाक्य तुमच्यासाठी कमी आणि आमच्या घरासाठी जास्त आहे, जाऊबाईंच्या मोबाइलवर पाठवणार आहे.