वाचकांचे प्रश्न : नव्या गाडीबरोबर गळ्यात पडणाऱ्या ॲक्सेसरीज

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून चिपळूणला राहतो. सव्वा महिन्यापूर्वी जिल्ह्यातल्या एका शोरूममध्ये ११ हजार रुपये भरून गाडी बुक केली. तेव्हा मिळालेल्या कोटेशनमध्ये एक्स-शोरूम किंमत, रोड टॅक्स, विमा आणि ‘इतर’ एवढेच रकाने होते. दसरा दहा दिवसांवर आला असताना आता जो हिशेब हाती दिला आहे, त्यात ॲक्सेसरीजचे ३८,५०० रुपये धरले आहेत : सीट कव्हर ९,५००, सिरॅमिक कोटिंग १४,०००, गाडीच्या खालच्या बाजूचे अँटी-रस्ट कोटिंग ५,५००, मॅट ३,२००, डोअर व्हायझर २,३०० आणि ‘इसेन्शियल किट’ ४,०००. यातले आम्ही काहीही मागितले नव्हते. सेल्समन म्हणतो, ‘‘सर, हे पॅकेज सगळ्याच गाड्यांना असतं, सिस्टीममधून काढताच येत नाही.’’ सीट कव्हर आणि व्हायझर बसवूनही झाले आहेत. कोटिंगे व्हायची आहेत. गाडीसाठी बँकेचे कर्ज मंजूर झाले आहे. दसऱ्याचा मुहूर्त चुकवायचा नाही, असा घरच्यांचा आग्रह आहे. काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटून दुसरे वाक्य शोरूमलाही चांगले ठाऊक आहे. पाडवा असो, दसरा असो की धनत्रयोदशी, मुहूर्ताच्या आदल्या आठवड्यात गिऱ्हाईक भांडत नाही. घरी पेढ्यांची आणि हाराची तयारी झालेली असते, आणि अडतीस हजारांसाठी मंगल दिवशी तोंड कडू कशाला करायचे, असे कोणीतरी म्हणतेच. तरीही आपली बाजू अजून भक्कम आहे, कारण शोरूमचे उरलेले पैसे अद्याप चुकते झालेले नाहीत. ते जाण्याआधीच जे बोलायचे ते बोलून घ्यावे, आणि तेही लेखी.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. एखादी वस्तू विकताना दुसरी वस्तू किंवा सेवा घेण्याची अट घालणे, याला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४१) मध्ये निर्बंधक व्यापारी प्रथा म्हटले आहे. गाडी रस्त्यावर आणण्यासाठी ज्या गोष्टींवाचून चालत नाही त्या मोजक्याच आहेत : गाडीची किंमत, कर आणि नोंदणी शुल्क, विमा (त्यातला तृतीय पक्षाचा भाग नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा) आणि फास्टॅग. उच्च सुरक्षा नंबरप्लेट १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीबरोबरच यावी लागते. विमासुद्धा शोरूममधूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. या यादीत सीट कव्हर कुठेच बसत नाही. ‘सिस्टीममधून काढता येत नाही’ हे कारण तर फार काळ टिकणारे नाही, कारण ॲक्सेसरीजचे बिल बहुतेक ठिकाणी गाडीच्या बिलाहून वेगळे फाडले जाते. जे वेगळ्या बिलावर आहे ते वेगळे काढता येते, एवढे शांतपणे दाखवून द्यावे.

आजच सेल्स मॅनेजरला ई-मेल करावा आणि त्याची प्रत कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला पाठवावी. त्यात बुकिंग क्रमांक आणि तारीख देऊन चार ओळी पुरेत : ‘सोबतच्या यादीतील वस्तू मी मागवलेल्या नाहीत. त्या वगळून सुधारित हिशेब द्यावा. माझ्या लेखी संमतीवाचून गाडीवर कोणतेही कोटिंग करू नये. ॲक्सेसरीज न घेतल्यास ठरलेल्या तारखेला गाडी देणार नसाल, तर तसे लेखी कळवावे.’ शेवटच्या वाक्याचे उत्तर लेखी द्यायला कोणीही धजावत नाही, आणि बहुतेक वेळा फोन येतो तो नरम आवाजातच.

बँकेतही एक फेरी मारावी. कर्जाची रक्कम बँक थेट शोरूमला देते आणि ती शोरूमच्या ज्या प्रोफॉर्मावर (आगाऊ बिलावर) ठरते त्यात ॲक्सेसरीजही धरलेल्या असू शकतात. तसे असेल तर ९ टक्के दराने पाच वर्षांत या ३८,५०० रुपयांवर सुमारे ९,४५० रुपये व्याज जाईल. सीट कव्हर तोवर उसवलेले असेल.

आता वस्तूंकडे वळू, कारण सगळ्यांना एकाच मापाने मोजणे बरोबर होणार नाही. सीट कव्हर काढायला सांगावेच, आणि ते केवळ पैशांसाठी नव्हे. आपल्या गाडीला साइड एअरबॅग असतील तर पुढच्या सीटच्या दाराकडील बाजूला, पाठीच्या शिवणीजवळ, ‘एअरबॅग’ असे लिहिलेली छोटी पट्टी शिवलेली दिसेल. धडक बसली की तिथली शिवण फाटून फुगा बाहेर येतो. वरून जाड रेक्झिनचे कव्हर ताणून चढवले असेल आणि त्याची शिवण त्या जागी फाटण्यासारखी केलेली नसेल, तर फुगा वेळेवर बाहेर येण्याची खात्री राहत नाही. व्हायझर दुहेरी चिकटपट्टीने बसवतात, तो निघतो. पण कोकणातल्या पावसात काच बोटभर उघडी ठेवायला तो उपयोगी पडतो, म्हणून भाव करून ठेवलात तरी चालेल. मॅट बाजारात निवडून घ्यावेत. मूळ मॅटवर दुसरा टाकण्याची पद्धत मात्र टाळावी, कारण ड्रायव्हरच्या पायाखाली सरकलेला मॅट ब्रेकच्या पेडलखाली जाऊन अडकतो.

‘इसेन्शियल किट’ हा प्रकार उघडून पाहावा. प्रथमोपचार पेटी आणि धोक्याचा त्रिकोण गाडीबरोबर कंपनीनेच द्यायचा असतो. त्याच वस्तू किटमध्ये दिसल्या तर आपण एकाच वस्तूचे दोनदा पैसे भरत आहात. सिरॅमिक कोटिंगला ठाम नकार द्यावा. ते नीट करायचे तर रंग आधी घासून-पुसून निर्मळ करावा लागतो, धूळ नसलेली बंदिस्त जागा लागते आणि लेप सुकायला वेळ द्यावा लागतो. डिलिव्हरीच्या घाईत धुलाईच्या रॅम्पवर दोन तासांत जे होते ते चांगल्या पॉलिशच्या पलीकडे फारसे जात नाही. काही वर्षांपूर्वी याच रकान्यात टेफ्लॉन असे. तव्यावर टेफ्लॉन पक्के बसवायला ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापवावे लागते, आणि गाडी काही कोणी तशी भाजत नाही.

राहता राहिले अँटी-रस्ट. ते न केल्यास दोन वर्षांत पत्रा कुजेल, ही भीती खोटी आहे; कारखान्यात गाडीचा सांगाडा गंजरोधक प्राइमरच्या हौदात बुडवूनच पुढे जातो. पण आपण चिपळूणचे आहात. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि चाकांखालचा चिखल पाहता या एका गोष्टीवर खर्च करण्यास माझी हरकत नाही. फक्त काम समोर उभे राहून करून घ्यावे आणि दारांच्या तळाशी, तसेच उंबऱ्याखाली पाणी निचरण्याची जी बारीक भोके असतात ती काळ्या लेपाने बुजलेली नाहीत ना, हे बोट लावून पाहावे. ती बुजली तर पाणी आत साचते आणि गंज आतून सुरू होतो.

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी पुण्यात गाडी घेतली. घरी कागद लावताना ‘पेंट प्रोटेक्शन’चे १८,००० रुपयांचे बिल सापडले. डिलिव्हरीच्या दिवशी एकामागून एक कागद पुढे सरकवले गेले, त्यात माझी सही त्यावरही झाली. कोटिंगची कोणतीही वॉरंटी मिळालेली नाही. पैसे परत मिळतील का?

उत्तर : सही आपल्या विरुद्ध जाईल, हे आधीच सांगतो. ‘मला न विचारता केले’ हा मुद्दा त्यामुळे दुबळा होतो. परंतु ‘पैसे घेतले आणि काम केलेच नाही’ हा मुद्दा सहीने मरत नाही. शोरूमकडे त्या कामाचे जॉब कार्ड लेखी मागावे : चॅसिस क्रमांक, कोणते उत्पादन वापरले, काम कोणत्या दिवशी झाले. मग गाडी त्यांच्या यार्डात कधी आली, पासिंग कधी झाले आणि चावी आपल्या हाती कधी पडली, या तारखा शेजारी मांडून पाहाव्यात. कोटिंगला वेळच उरला नव्हता असे निघाले, तर आपल्याला वेगळा पुरावा शोधण्याची गरज नाही.

उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मुदत दोन वर्षांची आहे, तक्रार आपण राहता त्या जिल्ह्यात करता येते आणि ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या, म्हणजे आपण मोजलेल्या किमतीच्या, तक्रारीला शुल्क नाही. संपूर्ण गाडीची किंमत धरली आणि ती दहा ते वीस लाखांत असली, तरी शुल्क ४०० रुपयेच होते. मात्र तारखा पडत राहतात. त्यामुळे शोरूमने निम्मे पैसे परत देऊ केले, तर मी असतो तर ते घेऊन मोकळा झालो असतो.

प्रश्न : नागपूरच्या उन्हाचे कारण सांगून डीलरने सर्व काचांना सन फिल्म ‘भेट’ म्हणून लावून दिली आहे. ठेवावी का?

उत्तर : काढून टाकावी, आणि ती डीलरकडूनच काढून घ्यावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. त्यावर वरून चिकटवलेली फिल्म सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी, ती कितीही पारदर्शक असली तरी, अमान्य ठरवली. केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये नंतरच्या नियमबदलाचा आधार घेऊन निराळा निकाल दिला आहे हे खरे, पण व्हरायटी चौकात चलान फाडणाऱ्या हवालदाराशी भर उन्हात त्यावर वाद घालण्याची हौस आपल्याला असेल असे वाटत नाही. दंड गाडीच्या मालकाला होतो, भेट देणाऱ्याला नाही. काढताना मागच्या काचेवर ब्लेड फिरवू देऊ नये. तिथे आडव्या बारीक रेषा दिसत असतील तर त्या डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून तिच्यावरचे धुके घालवणाऱ्या, तारा असतात आणि एक जरी खरवडली गेली तरी तेवढी पट्टी तापायची थांबते. गरम हवेने फिल्म सैल करून, उरलेला गोंद साबणाच्या पाण्याने सावकाश उतरवायला सांगावा.