बूथवरचा तो एक कागद

प्रश्न: महाविकास आघाडीला लोकसभेला ४८ पैकी ३० जागा आणि साडेपाच महिन्यांनी विधानसभेला २८८ पैकी ४६? पाच वाजता ५८.२२ टक्के मतदान होतं ते शेवटी ६६.०५ झालं, ही मतं आली कुठून? आता निकालाला आव्हान देता येईल का?
– एक वाचक, माळशिरस तालुका

उत्तर: तुमचा तालुका वाचला आणि मारकडवाडीच आठवली. तुमच्याच तालुक्यातल्या त्या गावात विधानसभेला आघाडीच्या उत्तम जानकरांना ८४३ आणि भाजपच्या राम सातपुतेंना १००३ मतं निघाली, गावाला ते पटेना, म्हणून लोकांनी ३ डिसेंबर २०२४ ला आपणच मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं, प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते सोडून द्यावं लागलं. जानकर आमदार झालेच होते हो, तरी गावाला आपल्या मताचा हिशोब हवा होता! कायद्यात अशा मतदानाला जागा नाही हे खरंय, पण बंदोबस्त लावून शंका जात नाही.

पाचनंतरचं म्हणाल तर सहाला जे रांगेत असतात त्यांना चिठ्ठ्या देतात, शेवटच्या माणसापासून पुढे, आणि त्या सगळ्यांचं मत घ्यावंच लागतं. त्यामुळे आकडा वाढला म्हणजे गडबडच झाली असं नाही. पण किती वाढला ते फॉर्म १७ सी वर कळतं. मशीनचं क्लोज बटण दाबलं की केंद्राध्यक्ष एकूण मतं त्यात लिहितात, सहीची प्रत उमेदवारांच्या बूथवरच्या एजंटला देतात, मोजणीला तोच आकडा जुळवायचा. मी मतदान केलं त्या बूथवर आघाडीचा एकच पोरगा एजंट होता, दिवसभर उपाशी, प्रत न घेताच निघाला होता, मी हाक मारून परत पाठवला, तेव्हा कुठे तो कागद घडी करून त्याच्या खिशात गेला. आघाडीच्या आमदारांनी निषेध म्हणून ७ डिसेंबरला शपथ घेतली नाही, दुसऱ्या दिवशी घेतली, त्यापेक्षा हे कागद बूथवार लोकांपुढे मांडणं जास्त गरजेचं होतं असं मला मनापासून वाटतं.

आव्हानाचं म्हणाल तर हायकोर्टात निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत करावी लागते, २३ नोव्हेंबरचा निकाल, म्हणजे ती मुदत कधीच गेली. मशीन तपासायचा अर्ज तर सातच दिवसांत, तोही दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या उमेदवारानेच, पाच टक्के मशीनपुरता. तुमच्या एजंटकडे १७ सी असेल तर फॉर्म २० (निकालाचा केंद्रवार तक्ता) मधल्या तुमच्या केंद्राच्या आकड्याशी लावून बघा आणि फरक दिसला तर दोन्हींचे फोटो मला पाठवा.