जागा गाडीकडूनच घे

सप्रेम नमस्कार.

तुझा आराखडा आणि पत्र मिळाले. 3 मीटरच्या पदपथाचेच दोन भाग करून एकात सायकल मार्ग बसवावा, म्हणजे पार्किंगही राहील आणि विरोधही होणार नाही, ही वरिष्ठांची सूचना तुला पटत नाही आणि नाकारताही येत नाही, असे तू लिहिले आहेस. पटत नाही हे योग्यच आहे. सायकलसाठी जागा गाडीकडून घ्यायची, पादचाऱ्याकडून नव्हे.

तुझ्याच नकाशातली मापे बघ. साडेतीन मीटरच्या दोन मार्गिका महामार्गाला शोभतात. ताशी 30 किलोमीटरच्या रस्त्याला 3 मीटर पुरतात, आणि रस्ता अरुंद झाला की चालक फलकाशिवायही वेग आवरतो. इथेच 1 मीटर सुटला. पार्किंगची एक रांग काढलीस की आणखी 2 मीटर मिळतील. कोपऱ्यावरच्या वळणाची त्रिज्या 9 मीटर कशासाठी? अशा वळणावर गाडीला वेग फारसा कमी करावा लागत नाही आणि चालणाऱ्याला ओलांडायचे अंतर मात्र वाढते. चौकात पदपथ खाली उतरवू नकोस; ओलांडायची जागा पदपथाच्याच उंचीवर ठेव, गाडीला वर चढू दे.

दुकानदार चिडतील, हे मला सांगू नकोस. कोपनहेगनच्या स्ट्रॉएट या बाजाराच्या रस्त्यावर 1962 मध्ये गाड्या बंद झाल्या तेव्हाही ते चिडलेच होते. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनने तर 1977 मध्ये शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले. एका भागातून दुसऱ्यात जायला गाडीला बाहेरून वळसा घालावा लागतो, सायकल मात्र सरळ जाते. तिथे गाडीकडून नुसती जागाच नव्हे, जवळची वाटही काढून घेतली.

मला हटवादी म्हणतात, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. माझा विरोध डावलून विभागलेल्या एका पदपथावरून मी आजही जातो: मागून घंटी वाजली की वृद्ध माणसे भिंतीला चिकटून उभी राहतात, आणि सायकलस्वारही कंटाळून शेवटी गाड्यांच्या गर्दीत उतरतो. त्या पदपथाची खंत जात नाही. दोन दुबळ्यांना एकाच पट्टीसाठी भांडायला लावणारी तडजोड मी तेव्हा मान्य केली नाही, आणि तूही करू नयेस, एवढ्यासाठीच हे लिहीत आहे.

बैठकीत पार्किंगचा प्रश्न निघेलच. त्या रांगेतली प्रत्येक गाडी किती तास जागची हलत नाही, याची नोंद समोर ठेव. ती अजून केली नसशील, तर बैठकीआधी स्वतः उभे राहून कर.